तिसऱ्या कडव्यात मी हात उचलले

मी, कुसुम आनंद रणपिसे, वय ७८, निवृत्त संगीतशिक्षिका, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गेल्या रविवारी मात्र ते दहा मिनिटे ठिकाणावर नव्हते. मागच्या वर्षीचे मृत्युपत्र त्याच कारणाने रद्द करते.

एकेचाळीस वर्षे मी आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि गायकवृंद बसवते. रविवारी तिसऱ्या कडव्याला वहीचे पान खाली पडले, म्हणून मी दोन्ही हात उचलले. ऑर्गन वाजतच राहिला! अहो, माझी बोटे हवेत, आणि अख्खे चर्च सुरात गातेय! गायकवृंदाकडे पाहिले, तर बावीसच्या बावीस माना खाली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होते.

माझा जुना विद्यार्थी केयूर चर्चची ध्वनियंत्रणा सांभाळतो. त्याला विचारले, "कोण वाजवत होतं?"

"बाई, तुम्हीच. दोन हजार तेरा सालचं रेकॉर्डिंग आहे, पेनड्राइव्हवर. तुमचे हात थरथरतात. कमिटी तुम्हाला काढणार होती, म्हणून मी..."

अकरा महिने! चर्चचा ऑर्गन विजेचा, त्यामुळे माझे वाजवणे फक्त माझ्या कानाशी ठेवलेल्या स्पीकरपुरते. गाणाऱ्याचा श्वास ऐकून त्याच्यामागे जावे, हे मी जन्मभर शिकवले. म्हणून मी गायकवृंदामागे गेले, आणि गायकवृंद पेनड्राइव्हमागे. आणि मी मूर्ख घरी सांगत होते, मंडळी हल्ली लय सोडत नाहीत म्हणून.

१. राहता फ्लॅट मुलगी नम्रता हिला.

२. लयीचे ठोके देणारे लाकडी यंत्र कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजीत यांना. काढायचे होते तर तोंडावर सांगायचे होते. मी काही कुणाला खाल्ले नसते.

३. घरचा पायाने भाता मारायचा ऑर्गन केयूरला देणार होते. चार दिवस त्याचे नाव खोडून ठेवले. मग पेनड्राइव्ह घरी आणून ऐकला. फार सुरेख वाजवत होते हो मी. खूप रडले. ऑर्गन केयूरलाच द्यावा. त्याने मला फसवले, ते मात्र मी माफ केलेले नाही.

४. पेनड्राइव्ह माझ्या शवपेटीत ठेवावा. अंत्यविधीला केयूरने स्वतः वाजवावे. तो चुकला तर गायकवृंदाने त्याच्यासाठी थांबावे.

ठिकाण: पुणे. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

आमच्यादेखत बाईंनी सही केली:
१. भीमराव ताकवले, शेजारी
२. डॉ. कादंबरी दळवी

लिहून ठेवणार: कुसुम आनंद रणपिसे
सही वाकडी आली आहे. पण आजची आहे.