फुकटची माफी

११ फेब्रुवारी, मंगळवार
काल घरी आणलं. खुब्यात रॉड. दीड महिना पाय टेकायचा नाही. पडले तेही कुठे, तर चर्चमध्ये, वेदीची फुलं बदलताना, स्टुलावरून.
नेल्सन म्हणतो, आई, विरारला चल. फुलपाड्याला त्याचा चौथा मजला, लिफ्ट असून नसल्यासारखी, तो आणि सून दिवसभर नोकरीला. नको म्हटलं. मग राहिलं कोण? इनास. माझा धाकटा भाऊ. ज्याला जन्मभर लोकांनी उचलून घरी आणलं तो आता मला सांभाळणार. दोन वर्षं झाली दारू सोडून, मान्य. पण चहा असा करतो की

१४ फेब्रु., शुक्र.
भेटायला माणसं. केळी, केळी आणि केळी. आणि प्रत्येकाचं तेच: "मोनिकाबाय, तुम्ही चर्चसाठी एवढं केलंत, देव तुम्हाला काही कमी पडू देणार नाही." मग खुबा कशाला मोडला?
आमच्या रुग्णभेट मंडळातली सेसिल आली. माझ्याच पद्धतीने हात धरून, माझ्याच आवाजात, "दुःख प्रभूला अर्पण करा." इतकी वर्षं मी हेच सांगत घरोघर फिरले. कुणी उशी फेकून मारली नाही मला. भली माणसं.
रविवारी वेदीवर प्लास्टिकची फुलं होती म्हणे. प्लास्टिकची.

१८ फेब्रु., मंगळ.
नेल्सनने लावलेली आया आली नाही. फोनही नाही. बेडपॅन हवं होतं. इ.ला, सख्ख्या भावाला, हाक मारण्यापेक्षा मेलेलं बरं. शेवटी मारली. आला, तोंड फिरवून सगळं केलं, धुऊन आणलं, पांघरूण नीट केलं. मग विचारतो, "बाय, भातावर कालचं कालवन चालेल?"
बस. एवढंच.
रडू आलं, पण रागाचं. आभार मानायला तोंड उघडेना. द्यायचं असलं की मला सुचतं सगळं. घ्यायचं म्हणजे

२३ फेब्रु., रवि.
इ. चर्चमधून, मिस्साहून आला. रोज जातो, मागच्या बाकावर बसतो. कम्युनियनही घेतो, जे पापं कबूल केल्याशिवाय घ्यायचं नसतं. विचारल्याशिवाय राहवलं नाही.
"कुमसार केलास का, पापं सांगितलीस का सगळी?"
"सांगितली. दारू सोडली तवाच."
"फादरनी प्रायश्चित्त काय दिलं?"
"तीन नमो मरिया."
तीन. रोझीने, त्याच्या बायकोने, वीस वर्षं त्याच्या हातचा मार खाल्ला. तिच्या अंगावरचे वळ मी डोळ्यांनी पाहिलेत. शेवटी पोरीला घेऊन निघून गेली. त्याचे तीन नमो मरिया. शाळेत तासाला बोलले म्हणून सिस्टर मला दहा म्हणायला लावायच्या.
"आणि तुला पटलं ते?"
"नाय. मी बोललो फादरला, कमी हाय. फादर बोलला, किती पन दिली तरी कमीच पडनार. मग काय, घेतली."
घेतली म्हणे. दिवसभर डोकं फिरलेलं.

२७ फेब्रु., गुरु.
रोझी आली. माणिकपूरला लेकीकडे राहते. अपघाताचं कुणीतरी सांगितलं तिला. इ.ने चहा आणला, टेबलावर ठेवला, वाडीत निघून गेला. तिने कपाला हात लावला नाही.
मी गप्प बसावं ना. म्हटलं, सुधारलाय गं तो.
ती म्हणाली, "देवाने माफ केलं असेल. मी नाही केलं." आवाज न चढवता. मग माझे केस विंचरले, वेणी घातली आणि गेली.
इ. आत आल्यावर सांगितलं त्याला. मुद्दाम. लागावं म्हणून.
"बरोबर हाय तिचं."
"मग तुला झोप कशी लागते रे?"
रोझीचा तसाच राहिलेला कप उचलला. मग म्हणाला, "पयले लागत नव्हती. वाटायचं कायतरी करून भरून काढू. भरून निघन्यासारखं नाय ते, बाय. मग देवाला बोललो, माझ्यानं नाय होत, तूच बघ. तवापासून लागते."
मी कधी कुणाचं वाकडं केलं नाही. मला झोप गोळीने येते.

५ मार्च, राखेचा बुधवार
फा. स्टीफन घरी आले कपाळाला राख लावायला. कुमसारही घेतला. इ.पासून सुरुवात केली मी. थोडं ऐकून म्हणाले, "बाय, ही त्याची पापं झाली. तुमची सांगा."
तरुण आहेत. गुडघे शाबूत आहेत अजून.
विचारलंच मग. मी केलं ते सगळं फुकट का?
"फुकट तर कृपा असते, बाय. तुम्ही केलंत ते प्रेमापोटी, असं मी धरून चाललो होतो."
 ते गेल्यावर दोन-तीन उत्तरं सुचली.
दुपारी ॲम्ब्युलन्सने नेऊन एक्स-रे. स्क्रू सरकलाय. परत ऑपरेशन. वय, शुगर, हृदयाचे ठोके, सगळं सांगून डॉ. म्हणाले, "बघू." बघू म्हणजे काय?
घाबरलेय. नेल्सनला तसं सांगितलं नाही. प्रार्थना करायला गेले तर तोंडातून आलं, प्रभू, मी एवढं केलं… तिथेच अडकले. पुढे एक शब्द नाही. इ. जपमाळ घेऊन दारात बसला होता. त्याला म्हटलं, तू म्हण. त्याने म्हटली. मधेच चुकला, मी सुधारलं नाही.

९ मार्च, रवि.
उद्या ॲडमिट. बायकांच्या वॉर्डात सोबतीला पुरुष चालत नाही. सुनेला रजा मिळेना, आयेचा भरवसा नाही. काल रोझीचा फोन, मी थांबते. का गं, म्हटलं, तुला काय पडलंय? "यावंसं वाटलं."
कसलं उत्तर ते.
दुपारीच आली. माझी पिशवी भरली, नको तेच गाऊन घेतले. आता ओटीवर आहे. इ. पण आहे. आधी तिचा आवाज आला.  मग त्याचा, खालच्या पट्टीत. शब्द कळत नाहीत. एरवी मी काहीतरी निमित्त करून गेले असते, दोघांच्या मधे बसले असते, त्याला चार शब्द सुनावले असते, तिची समजूत काढली असती. पाय टेकायचा नाही.
हाक मारायला तोंड उघडलं होतं. मिटलं.
परत तिचा आवाज. चिडलीय की रडतेय, इथून काही