भाव चढल्यावर

वॉन, कॅनडा, ४ जून २०११

आज नवी नोकरी. ब्रॅम्प्टनच्या हॉटेलात तंदूरसमोर भाजून निघालो होतो, आता एकदम कोल्ड स्टोरेज. मटार, मासे, आइस्क्रीम. दुपारपाळीला वॉचमन मी एकटाच, डोक्यावर कुणी नाही, मजा आहे. नागपूरचे शैलेंद्रभाऊ इथले इंजिनियर. त्यांनी समजावलं की वारा असला की पवनचक्क्या फिरतात, वीज स्वस्त होते, तेव्हा मशीन जोरात चालवून माल दगडासारखा गोठवायचा. उन्हाळ्यात दुपारी सगळे एसी लावतात, भाव चढतो, तेव्हा मशीन बंद. म्हणाले, तुझा खरा मालक वारा आहे बे, मी नाही. मी नववीत शाळा सोडलेली, तरी मला पटलं.

१२ जून

शैलेंद्रभाऊंची ओटावाला बदली झाली. आता मराठी बोलायला कुणी नाही. मी राहतो त्या बेसमेंटमधली पंजाबी पोरं मी घरी पोचतो तेव्हा कामाला निघालेली असतात. आई फोनवर रडते, म्हणून लावत नाही. मशीन चालू असली की कान बधिर होतात. बंद झाली की स्वतःचं गिळणंही ऐकू येतं.

२१ जून

बाहेर कडक ऊन. मशीन थांबली आणि फ्रीजरच्या आतून टकटक. शैलेंद्रभाऊंना फोन केला. म्हणाले, मटार बाहेर यायला बघत असतील. पाइप आकसतात म्हणे.

२४ जून

पाइप मराठी बोलत नाहीत. आतून कुणीतरी विचारलं, जेवलास का रे. टॉर्च घेऊन आत गेलो. खोकीच खोकी. संध्याकाळी मशीन लागली, त्यात सगळं बुडालं.

३० जून

दोन दिवस भरदुपारीही सोसाट्याचा वारा. वीज स्वस्त, मशीन बंदच झाली नाही. आवाज नाही. बरं वाटायला हवं होतं. दाराला कान लावून उभा होतो.

५ जुलै

वारा पडला. आतला तो बोलला. पीकपाणी, पोरांची लग्नं, असंच. मी दारातूनच उत्तरं दिली. आत ये म्हणाला, नाही म्हटलं. घरी आलो — उद्या सुट्टी आहे, तरी —

८ जुलै

आत बसलोय. दार आतून उघडतं. दांडा ढकलून पाहिला, उघडतं.

खोक्यांमागे आणखीही आहेत — सगळे आपल्याकडचेच —

बोटं वळत नाहीत. निघतो म्हटलं तर विचारतो, बाहेर कोण आहे तुझं.

मशीन लागायची वेळ झाली. लागली की याचं काही ऐकू येणार नाही. एवढं एक बोलणं संपू दे, मग दांडा —