फरशी कोरडी होती

प्रिय ठकूबाई,

कागद पाठकोरा आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मागे आपल्या वस्तीच्या समितीची नोटीस छापलेली आहे. ती रद्द झाली, मग कागद वाया कशाला घालवायचे? आणि ती रद्द कशी झाली, तेही तुला सांगायचंय.

दोन वर्षांत आपल्या वस्तीतली चार माणसं गेली. म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई आल्या. म्हणाल्या, पुन्हा असं कोणी जाऊ नये म्हणून योजना तुमची तुम्ही करा, मी मदतीला आहे. कोण एकटं पडलंय आणि कोणी कोणाच्या घरी जायचं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला ठाऊक. माझं अक्षर बरं, म्हणून सभेची वही माझ्याकडे आली. नर्सबाई रजेवर गेल्या मात्र, अध्यक्षांनी बजावलं, वहिनी, तो शब्द लिहायचा नाही, वस्तीतल्या मुलींची लग्नं अडतील. ‘पाय घसरून मृत्यू’ लिहा. चौघांच्या घरचेही तेच सांगत होते. मीही निमूट लिहिलं. मग तीन सभांत आमची योजना काय झाली असेल? जिन्यांना खरबरीत फरशी! नळाच्या वाटेवर कठडा! शिंपीकाका म्हणाले, रबरी चपलाही वाटू. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात उतरवत होते.

चौथ्या सभेत ते वाचून दाखवताना माझा मलाच संताप आला. वही मिटली आणि म्हटलं, मी मॅट्रिकच आहे, पण घसरणं आणि जीव देणं यातला फरक मला कळतो. बारा वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला तेव्हा फरशी कोरडी होती. त्याने आत्महत्या केली. तुझे बाबा पदर ओढत होते, बस गं, बस. नाही बसले. अध्यक्ष म्हणाले, वहिनी, तुम्ही एवढ्या देवभक्त आणि असं अभद्र बोलता? मी म्हटलं, देवाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, लपवलं होतं ते तुमच्यापासून. तेवढ्यात मागून धोबीणमावशी उठली. म्हणाली, आमची सूनही घसरली नव्हती.

ठकू, हे तुला असं पत्रातून कळावं याचं वाईट वाटतं. तू आठ वर्षांची होतीस. दादाचा पाय घसरला असं तुला मीच सांगितलं, म्हणून तू अजून जिना उतरताना कठडा सोडत नाहीस. खरं तर त्या महिन्यात तो मला दोनदा म्हणाला होता, आई, सगळ्याचा कंटाळा आलाय. मी म्हटलं, देवाचं नाव घे, आणि धुणं वाळत घालायला गेले.

आता फरशी-कठड्याची ती छापलेली नोटीस रद्द करून योजना नव्याने लिहिली आहे, खरा शब्द मथळ्यात घालून. नर्सबाई परत आल्यात. एकट्या माणसांच्या घरी आठवड्याला दोघांनी जायचं. पहिलं नाव तुझ्या बाबांनी आपणहून दिलं. नर्सबाई म्हणतात, सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, आलेला असला तर बोलायला वाट मिळते. आम्ही एकमेकांना विचारून सराव केला. शिंपीकाकांना विचारताना मला हसू फुटलं, तर तेच ओरडले, वहिनी, हसलात तर मी खरं कसं सांगू?

आणि काल संध्याकाळी तू फोनवर म्हणालीस, आई, कशातच मन लागत नाही. वस्तीभर शहाणपण सांगणारी मी, तुला काय म्हणाले? देवाचं नाव घे! फोन ठेवला आणि लगेच हा कागद ओढला. म्हणून हे लिहिलं. आज दुपारी फोन करून हेच तुला वाचून दाखवणार आहे, कारण नुसती बोलायला लागले तर ‘जेवलीस का’वरच थांबेन. तेव्हा विचारते: ठकू, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का? येत असेल तर हो म्हण. मी रागावणार नाही, रडले तरी फोन ठेवणार नाही. उत्तर काहीही असो, उद्या सकाळच्या गाडीने हे पत्र घेऊन मी निघतेय. येऊ नकोस म्हणून तर बघ!

कोणाचं न ऐकणारी, तुझीच
आई