सत्तापालट या शब्दाला वाक्य हवं

ता. ४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

सरकार उलथलं त्याची झळ आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतही पोचली. मुख्य संपादकांना घरी बसवलं आणि त्यांच्या खुर्चीत एक कॅप्टनसाहेब आले. नियमाचे भलते पक्के. आमचा नियम तुला ठाऊक आहे: जिवंत माणसानं खरोखर बोललेलं वाक्य, खाली त्याची सही, अशी चिठ्ठी असेल तरच शब्द कोशात जातो. साहेबांनी बंड, उठाव, क्रांती आणि सत्तापालट यांच्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. त्यांत सरकारची बदनामी होते म्हणे. आता वाक्य नाही, म्हणून शब्दही नाही! वीस तारखेला यादी बंद होईल. त्या आधी 'हे शब्द कोणी बोलत नाही' अशा कागदावर माझी सही हवी आहे. ती मी करणार नाही, म्हणजे नोकरी गेलीच समज.

सरकारचं नाव न घेता तू हे शब्द कधी बोलली आहेस का? आठवून कळव. आणि दुकानात इस्त्री बसून करत जा, तुझे पाय सुजतात.

तुझी ओरडा खाऊन वाढलेली,
भिंगरी

ता. ८ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

बसून इस्त्री करायला सांगणारी तू पहिलीच. कधी इस्त्री हातात धरली आहेस का गं? असो. चौथीत शाळा सुटलेल्या बाईकडे कोशवाले शब्द मागतात, म्हणजे दिवस फिरलेच म्हणायचे.

चिठ्ठ्या सोबत आहेत, खाली सही माझी. 'धाकट्या सुनेनं बंड केलं तेव्हापासून माझा मुलगा आपलं ताट आपण घासतो.' 'आम्ही बायकांनी इस्त्र्या खाली ठेवून उठाव केला, तेव्हा कुठे मालकानं पंखा लावला.' 'यांनी जन्मात एकदा उठून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं, त्यावर मी म्हटलं, घरात क्रांती झाली.' तुझे आजोबा आठवडाभर फुगून बसले होते. विचार त्यांना, अजून आठवतंय.

सत्तापालट मात्र माझ्या तोंडून कधी निघालेला नाही. खोटं वाक्य मी देणार नाही, तू रडलीस तरी. दुसरं कोणीतरी गाठ.

जेवणाची वेळ पाळ. आमच्यावर राग धरू नये, धरलाच तर पत्रातून कळवावा.
आजी

ता. १४ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझी तिन्ही वाक्यं साहेबांनी चार वेळा वाचली. सरकार कुठे सापडेना, म्हणून नाइलाजानं शिक्का मारला. पण अशी आजी असूच शकत नाही, मीच ती रचली, असा त्यांना संशय आहे. सतरा तारखेला ते स्वतः दुकानात येऊन तुझी सही ताडून पाहणार आहेत. सत्तापालटाला अजून वाक्य मिळालेलं नाही. ज्याला विचारावं तो आधी खिडकी लावून घेतो आणि मग मी असं बोललोच नाही म्हणतो.

आजी, जीभ आवर. तो माणूस कमरेला बंदूक लावून येतो.

काळजीत असलेली,
भिंगरी

ता. १७ मार्च

चि. भिंगरीस आजीचे अनेक आशीर्वाद.

तुझा कॅप्टन येऊन गेला. पँटच्या एका पायाला दोन घड्या होत्या. असा माणूस देश काय सरळ करणार! स्टूल दिलं, त्यावर बसला. मला चार सह्या करायला लावल्या, जुळवून पाहिल्या, आणि मी आहे हे त्याला मान्य करावं लागलं.

दुकानात सात गिऱ्हाइकं होती. कपडे मिळाले तरी एकही हलेना. मी साधेपणानं विचारलं की साहेब, सगळा रस्ता या प्रकाराला सत्तापालट म्हणतो, ते खरं का. सगळ्यांनी कान टवकारले. तो ताडकन उठला, लालबुंद झाला आणि भाषण केल्यासारखं ओरडून उत्तर दिलं. मी म्हटलं, छान बोललात, पण लोक उद्या तुमच्या तोंडी भलतंच घालतील, तुमच्या हातानं लिहून ठेवा. त्यानं खिशातून तुमच्या कचेरीचीच कोरी चिठ्ठी काढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं: 'आम्ही केला तो सत्तापालट नव्हता.' खाली सही, हुद्दा, तारीख. शाई वाळावी म्हणून फुंकरही घातली.

पायरी उतरल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. परत येऊन चिठ्ठी मागू लागला. मी सगळ्यांदेखत विचारलं, वाक्य मागे घेताय का साहेब, म्हणजे तो सत्तापालटच होता असं समजायचं का. एका गिऱ्हाइकाला खोकल्याची उबळ आली, मग सातही जणांना आली. कॅप्टननं पुढे केलेला हात मागे घेतला. शेवटी टोपी घातली आणि गेला.

चिठ्ठी सोबत आहे. माणूस जिवंत आहे, बोललेला आहे, सही त्याचीच आहे. शिक्काही त्यालाच मारायला सांग.

आमची आठवण ठेवावी, सल्ले देऊ नयेत.
आजी