चमचाभर दही आणि हृदयाची तपासणी

बेलवली, रविवार

ती. मोतीताईस धाकट्या मधूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून चामटोलीला पत्र धाडतोय.

तर ताई, माझं हृदय ताल सोडून चाललंय. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी आधी छातीवरून सोनोग्राफी केली, पण मधे फासळ्या आणि फुप्फुसं; आतल्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी आहे का, ते काही दिसेना. (एमआयडीसीत आम्हीही मशीन पुढून कळली नाही तर मागे जाऊन बघायचो.) अन्ननलिका म्हणे हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते. तेव्हा तोंडातून नळी घालायची आणि मागून बघायचं. गुठळी नसेल तर शॉक देऊन ताल जुळवायचा. असली तर ती सुटून मेंदूत जायची भीती. पोट मात्र रिकामं हवं, पाणीसुद्धा नाही.

मी तसा निघालो, आणि तुझ्या भावजयीने, तुळशीने, उंबऱ्यावर हातावर दही-साखर ठेवली. मोठ्या कामाला निघालेल्या माणसाला ती कोरड्या तोंडाने सोडत नाही, आणि मीही शहाणा, चाटून मोकळा झालो. (दही तुझ्याच म्हशीचं. म्हशीवर राग नाही, छान लागलं.) नर्सने विचारलं, काही खाल्लं का? तुळशी अभिमानाने म्हणाली, कुछ नहीं, सिर्फ दही-शक्कर. झालं, पुढच्या आठवड्यात या.

दुसऱ्या वेळी ती दारात हात पदराखाली घेऊन उभी राहिली. तिथे घशात फवारा मारला, जीभ लाकडासारखी झाली, मग झोपेचं इंजेक्शन. जागा झालो तर तुळशी एकटीच बोलत होती आणि मला उत्तर देता येईना. एवढी सुखी ती लग्नानंतर पहिल्यांदाच दिसली.

बाकी ठीक. म्हशीला चारा वेळेवर घाल, स्वतःही वेळेवर जेव.

तुझा मधू

ता.क. गुठळी सापडली. बारीक आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू केल्यात, मग पुन्हा नळी. डॉक्टर म्हणाले ती आधीचीच असणार, पण तुळशीने मनाशी धरलंय की दह्यापायी आठवडा गेला आणि तेवढ्यात ती झाली. माझ्यासमोर हसते आणि मोरीत नळ सोडून रडते. माझं ऐकत नाही. तू मोठी नणंद, तुझं ऐकेल. रिक्षा करून ये आणि तिला समजाव.

आणखी एक ता.क. समजावून झालं की लगेच परत जाऊ नकोस. नळीच्या दिवसापर्यंत राहा. मला भीती वाटते गं, आणि हे तिला सांगता येत नाही.