टार्गेटला सोडलेलं शिलाईचं मार्जिन

सूनबाई,

मी दुकानात चालले आहे, एका नवरीचे कपडे ट्रायलला आहेत. चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

आज नेमबाजीच्या सरावाला शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधली टार्गेटं घे. कपाटावरच्या जुन्या गठ्ठ्याला हात लावू नकोस. काल तुझ्या क्लबचं छापील टार्गेट सहज मी घरी केलेल्या टार्गेटवर ठेवून खिडकीशी धरलं आणि कपाळावर हात मारला. माझा काळा गोल छापील गोलापेक्षा चांगला गव्हाच्या दाण्याएवढा मोठा! जन्मभर कापड बेतलेला हात, कागद कापतानाही शिलाईचं मार्जिन सोडून मोकळा झाला. कागदाला कुठली शिलाई घालणार होते, देव जाणे.

म्हणून तू घरी झकास नेम मारायचीस आणि क्लबात गुण घसरायचे. मी मात्र 'फुकटात टार्गेटं केली' म्हणून शेजारणीपुढे मिरवत होते.

नवे गोल बाटलीच्या झाकणाने आखलेत, छापील गोलाशी ताडून पाहिलेत. मागे खळीने पुठ्ठा चिकटवलाय, छर्र्याने कागद फाटणार नाही. खळ अजून ओली आहे, पंख्याखाली वाळव. परवा निवड चाचणी आहे, तेव्हा आज घरकामात शिरू नकोस.

आणि एक. तुझी नजर एवढी बारीक, तुला हे पहिल्याच दिवशी दिसलं असणार. तरी रोज 'छान झालीत, आई' म्हणत राहिलीस! माझ्या चुका अशा पोटात घालणं आता बंद. नवी टार्गेटं नीट तपास, आणि निदान एक तरी खोट काढल्याशिवाय रात्री मला जेवायला हाक मारू नकोस.

— आई