पिवळी चादर आणि लाल बटण

३ मार्च, मंगळवार

आला! सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, नदीच्या वळणावरून, सांगितल्याप्रमाणे. धाकट्याने मागच्या फोनवर बजावलंच होतं, "आई, गच्चीवर काहीतरी पिवळं टाकून ठेव, म्हणजे वरून घर सापडेल." मी डबल बेडची चादर टाकली. कमी पडायला नको.

एवढं मोठं हेलिकॉप्टर, आणि आमच्या टाकीच्या वर जेमतेम दोन मजले! दोनदा डावीकडे कलला. तो त्याचा नमस्कार. मी दोन्ही हात हलवले. चादर उडून शेजारच्या अँटेनावर, यांचा बनियन कुठे गेला ते अजून कळलेलं नाही. डोळ्यांत धूळ आणि पाणी, कशाचं किती ते सांगता येणार नाही. ज्या पोराला सायकलवरून उतरता येत नव्हतं म्हणून जो भिंतीला धडकून थांबायचा, तो आता लष्करात हे एवढं धूड चालवतो.

यांना काही सांगितलेलं नाही. नियम म्हटला की हे सख्ख्या मुलालाही सोडायचे नाहीत. "कोण गाढव होतं ते?" म्हणाले. मी म्हटलं, "असेल कुणीतरी."

४ मार्च, बुधवार

गल्लीत दुसरा विषय नाही. कोंबडीवाल्या वहिनी म्हणतात, कालपासून एकही कोंबडी अंडं द्यायला तयार नाही, सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसल्यात. मास्तरांचा कवितांचा कागद खिडकीतून गेला. (त्याबद्दल तक्रार नसावी कुणाची.) मास्तर निवृत्त झाल्यापासून अर्ज करायला कारणच शोधत होते, ते मिळालं. लष्कराच्या तळावर अर्ज पाठवणार आहेत. विषय, संदर्भ, सगळं आखून झालंय.

बनियन वहिनींच्या खुराड्यावर सापडला. त्यांनी चिमटीत धरून आणून दिला.

८ मार्च, रविवार

धाकट्याचा फोन. तळावर आपल्याला फोन लावता येत नाही, रविवारी तोच करतो. मी म्हटलं, "इतक्या खाली येतोस, आणि आमचा रोपवेचा दोर?" हसला. "आई, मी त्या ट्रॉलीत बसून शाळेत गेलोय दहा वर्षं. डोळे बांधले तरी दोर कुठे आहे ते सांगेन."

ते खरंच आहे. आमचा रोपवे नदीच्या बरोब्बर आडवा. खालच्या स्टेशनात मी, कंट्रोल रूममध्ये. वरच्या स्टेशनात दुसरा ऑपरेटर. मी तीन घंटा द्यायच्या, त्याने दोन परत द्यायच्या, मगच ट्रॉली हलते. सव्वीस वर्षं तेच. आणि दोर कसा, तर उन्हात दिसतच नाही. हे म्हणतात पाखरांनासुद्धा उशिरा दिसतो. पण धाकट्याला बघायची गरजच काय, त्याला माहीतच आहे.

जीव भांड्यात पडला.

१० मार्च, मंगळवार

आज दोनदा!! चादरीला चार विटा ठेवल्या होत्या.

१५ मार्च, रविवार

फोन. आवाज जरा पडलेला वाटला. "बरा आहेस ना?" तर म्हणे उत्तम. मी म्हटलं, परवा शुक्रवारीही आलास, सांगितलं नव्हतंस, चादर धुवायला टाकली होती, मग घाईघाईने ओलीच वाळत घातली. थोडा थांबला. मग हसून म्हणाला, "तुझी चादर इथे फेमस आहे आई." ऊर भरून आला. चादर सेलमधली आहे हे त्याला सांगितलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

आला, पण कलला नाही. शिवाय उलट्या बाजूने आला, डोंगराकडून. मी गच्चीवर हात हलवून हलवून दमले, आणि हा सरळ निघून गेला. वरच्या कुणाची तरी करडी नजर असेल. नोकरी आहे शेवटी.

१८ मार्च, बुधवार

मास्तर सह्या घेत दारोदार. बावीस झाल्या. आमच्या दारात आले तेव्हा मला पळता भुई थोडी झाली. अर्जात लिहिलंय, "अज्ञात वैमानिकावर कठोर कारवाई व्हावी." कठोर! पोराची नोकरी जायची. मी म्हटलं, मास्तर, वाचल्याशिवाय मी सही करत नाही आणि चष्मा सापडत नाहीये.

मास्तर म्हणाले, "डोक्यावर आहे."

मी म्हटलं, हा लांबचा.

यांनी मात्र उभ्याउभ्या सही केली. रेघ ओढून खाली तारीखसुद्धा.

१९ मार्च, गुरुवार

कसं लिहू.

गुरुवारी दोराला ग्रीस द्यायचा दिवस. रोपवे बंद असतो. हे रिकाम्या ट्रॉलीच्या छपरावर बसतात, कमरेला पट्टा, हातात डबा आणि ब्रश. मी ट्रॉली माणसाच्या चालीने सोडते. नियम एकच, हे वर असताना माझा हात ट्रॉली थांबवायच्या लाल बटणावरून हलता कामा नये. यांनीच केलेला नियम. सव्वीस वर्षांत मी नाकसुद्धा डाव्या हाताने खाजवलंय.

ट्रॉली नदीच्या मधोमध. आणि तो आवाज आला. मी काय केलं? पर्समध्ये पिवळा अभ्रा ठेवला होता, चादरीच्याच जोडीचा, मंगळवारी तो कलला नाही ते मनात राहिलं होतं म्हणून. तो काढला आणि खिडकीतून बाहेर वाकून हलवायला लागले. दोन्ही हातांनी.

तो वळला. अभ्रा दिसला असणार. खाली, आणखी खाली आला, आणि थेट दोराच्या खालून गेला. यांच्या पायांखालून! ट्रॉली अशी झुलली की छप्पर मला भिंतीसारखं उभं दिसलं. ग्रीसचा डबा पडताना दिसला. यांची टोपी पडताना दिसली. हे दिसेनात. मग दिसले, पट्ट्याला लोंबकळत, एका हाताने कडी धरून.

मी बटणापर्यंत पोहोचले तेव्हा ट्रॉली आणखी वीस-पंचवीस हात पुढे गेली होती.

खाली उतरल्यावर हसत होते. "टोपी नवीच होती," म्हणाले. चहाचा कप दिला तो डाव्या हाताने घेतला. मग विचारलं, "अगं, तू थांबवली का नाहीस?"

मी म्हटलं, "बटण अडकलं."

२० मार्च, शुक्रवार

हे सकाळपासून बटण उघडून बसलेत. स्प्रिंग काढली, पुसली, घातली. पुन्हा काढली. पन्नास वेळा दाबून बघितलं, पन्नास वेळा लागलं. "कमाल आहे," म्हणतात, "यात तर काहीच दोष नाही." उजव्या खांद्याला शेक घेता घेता डाव्या हाताने काम चाललंय. मी शेजारी बसून स्क्रू धरले.

दुपारी नवीन बटण मागवायचा कागद लिहिला. कारण: भरवसा नाही.

मला जेवण गेलं नाही. रागही कुणाचा धरू? धाकट्याचा धरला. बापाच्या पायाखालून जातो म्हणजे काय! त्याला गुरुवार माहीत नाही? लहानपणी ग्रीसचा डबा तोच तर भरून द्यायचा. रविवारी फोन येऊ दे, असा सोलून काढते की आपल्याला मिशी आहे हे विसरेल.

२१ मार्च, शनिवार

चादर आज सकाळीही घातली गच्चीवर. सवयीने. मग स्वतःचीच लाज वाटली, पण काढलीही नाही.

२२ मार्च, रविवार

फोन आला. मी सुरुवातच केली, "तुझे बाबा छपरावर होते!" तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, तो मी नव्हतो. अकरा तारखेला पायऱ्यांवरून घसरलो, घोटा प्लास्टरमध्ये आहे. तू काळजी करशील म्हणून बोललो नाही. मी उडालोच नाहीये तेव्हापासून." मी म्हटलं, मग कोण येत होतं? "सगळेच येतात. मीच सांगितलं होतं त्यांना, माझी आई चादर टाकते, हात करते. आता चादरीवरून कोण सगळ्यात खालून जातो, अशी पैज लागते."

मी विचारलं, "त्यांना दोर माहीत आहे?"

तो म्हणाला, "आई, आत्ताच्या आत्ता चादर काढ."

काढली. खाली येऊन यांना सांगितलं की बटण चांगलं आहे, माझा हात त्यावर नव्हता. कुठे होता आणि कुणासाठी, तेही सांगितलं. यांनी नवीन बटणाचा कागद फाडला, आणि माझ्यासोबत मास्तरांकडे आले.

अर्जातलं "अज्ञात वैमानिक" मी खोडलं. तिथे धाकट्याचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे "आणि त्याचे सहकारी". खाली सही केली, चष्मा लावून. सहीपुढे लिहिलं: चादर माझी.